फर्स्ट इयरसाठी: तोंडाच्या आणि लाळग्रंथींच्या स्लाइड्स ओळखायच्या कशा

फर्स्ट इयर बीडीएसला तोंडाची हिस्टॉलॉजी, म्हणजे मायक्रोस्कोपखाली दिसणारी ऊतींची रचना, दोनदा येते, एकदा जनरल ॲनाटॉमीच्या प्रॅक्टिकलला आणि परत डेंटल ॲनाटॉमीच्या. एमबीबीएसवाल्यांनाही ओठ, जीभ आणि तिन्ही लाळग्रंथी सुटत नाहीत. आणि दर वर्षी नवी बॅच आली की तेच ऐकू येतं, "सगळ्या स्लाइड्स सारख्याच गुलाबी दिसतात." दिसतातच, कारण नक्की कुठे बघायचं ते कुणी बसवून सांगितलेलं नसतं. मुलं ॲटलासमधला फोटो पाठ करून जातात आणि परीक्षेत कॉलेजची जुनी, रंग उडालेली स्लाइड समोर आली की गडबडतात, कारण ती त्या फोटोसारखी नसतेच.

म्हणून फोटो पाठ करू नका, बघायचा क्रम पाठ करा. आधी पृष्ठभाग, मग त्याच्या खाली काय आहे, मग ग्रंथी असेल तर तिच्या पेशी, आणि सगळ्यात शेवटी डक्ट, म्हणजे स्राव वाहून नेणारी नळी. हा क्रम अंगवळणी पडला की कुठलीही स्लाइड येऊ दे, उत्तरापर्यंत पोचता येतं. खाली तोच क्रम सविस्तर लिहितोय.

सोबत काय काय लागेल

- एच-अँड-ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन, स्लाइड रंगवायचे दोन रंग) पेन्सिली, म्हणजे गुलाबी आणि निळी-जांभळी. दोन-दोन घ्या, जर्नलच्या आठवड्यात दुकानातून गायब होतात
- जर्नल, साधी एचबी पेन्सिल, खोडरबर
- लेन्स पुसायला मऊ धुतलेलं सुती कापड किंवा लेन्स पेपर, ॲप्रनच्या टोकाने पुसू नका, ओरखडे पडतात
- फोटो असलेला कुठलाही एक ॲटलास. एकच, तीन नकोत
- मोबाइल, पण आधी मॅडमना किंवा सरांना विचारून. आयपीसवर कॅमेरा टेकवून आपल्याच कॉलेजच्या स्लाइड्सचे फोटो काढून ठेवले तर परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांच्याइतकं उपयोगी काही नाही, कारण परीक्षेला त्याच स्लाइड्स येणार असतात

१. मायक्रोस्कोप लावतानाच अर्धं काम होतं

आधी स्लाइड हातात धरून नुसत्या डोळ्यांनी उजेडाकडे करून बघा. तुकड्याच्या एका कडेला ठळक जांभळी रेघ दिसतेय का? दिसत असेल तर पृष्ठभाग असलेला अवयव आहे, म्हणजे ओठ, जीभ, टाळू वगैरे. रेघ नाही आणि सगळा तुकडा बारीक दाणेदार, मध्ये फटी असलेला दिसतोय, तर बहुतेक ग्रंथी. एवढं मायक्रोस्कोपला डोळा लावायच्या आधीच कळतं.

मग स्कॅनर, म्हणजे चार एक्स. पूर्ण तुकडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा, मग दहा एक्स, आणि शेवटी गरज असेल तिथेच चाळीस एक्स. बहुतेक जण थेट हाय पॉवर लावतात आणि तिथेच फसतात, हाय पॉवरला पेशी दिसतात पण आपण कुठे उभे आहोत तेच कळत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. चाळीस एक्सला जाडा नॉब फिरवायचा नाही, फक्त बारीक, नाहीतर स्लाइड फुटते. आणि दहा एक्सला छान दिसतंय पण चाळीसला काही केल्या फोकस होत नाही असं झालं तर स्लाइड उलटी ठेवलीय का बघा, कव्हरस्लिप वरच्या बाजूला पाहिजे. ती बरोबर असूनही धूसर दिसत असेल तर चाळीस एक्सच्या लेन्सला आधीच्या कुणाचं तरी इमर्शन ऑइल लागलेलं असतं, पुसून घ्या.

२. रंग म्हणजे काय ते एकदाच समजून घ्या

हिमॅटॉक्सिलिनने न्यूक्लिअस आणि आरएनए भरपूर असलेला भाग निळा-जांभळा होतो, इओसिनने सायटोप्लाझमचा बाकीचा भाग, कोलॅजन, स्नायू, केराटिन हे सगळं गुलाबी. म्यूकस या दोघांपैकी कुणालाच नीट धरत नाही म्हणून म्युकस पेशी फिकट, फेसाळ, रिकाम्यासारख्या दिसतात. चरबीच्या पेशी तर खरंच रिकाम्या असतात, कारण स्लाइड बनवताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते, मागे उरतं ते नुसतं गोल रिंगण आणि कडेला दाबलेलं न्यूक्लिअस. या दोघांत गोंधळ होतो. म्युकस पेशी एकमेकींना चिकटून घोळक्यात आणि मध्ये पोकळी ठेवून बसतात, चरबीच्या पेशीला मध्ये पोकळी वगैरे काही नसते, ती स्वतःच एक मोठं पांढरं वर्तुळ असते.

जुन्या स्लाइडचा रंग उडतो. त्यामुळे "जांभळं दिसलं म्हणजे सिरस (पातळ स्राव करणारी पेशी)" असलं नुसत्या रंगावरचं गणित ठेवू नका. न्यूक्लिअसचा आकार आणि जागा बदलत नाही, भरवसा त्याच्यावर.

३. पृष्ठभाग: केराटिन आहे की नाही

तोंडाचं अस्तर (म्युकोसा) वरून सगळीकडे स्ट्रॅटिफाइड स्क्वॅमस एपिथेलियमच, म्हणजे चपट्या पेशींचे थरावर थर, आहे, प्रश्न फक्त वर केराटिन आहे का एवढाच. आणि त्याचं उत्तर त्या जागेच्या कामात आहे. चावताना जिथे घासलं जातं तिथे केराटिन, म्हणजे हिरडी आणि कठीण टाळू, यांना मॅस्टिकेटरी म्युकोसा म्हणतात. जिथे ताणलं जायला पाहिजे तिथे केराटिन नाही, गालाची आणि ओठाची आतली बाजू, मऊ टाळू, जिभेची खालची बाजू, जिभेखालची जागा, हा लायनिंग म्युकोसा. आणि जिभेची वरची बाजू वेगळी, तिला पॅपिला, म्हणजे बारीक उंचवटे आहेत, चव आहे, ती स्पेशलाइज्ड.

पृष्ठभागाच्या सगळ्यात वरच्या पेशी हाय पॉवरला बघा. चपट्या पेशींत न्यूक्लिअस नीट दिसतोय तर नॉन-केराटिनाइज्ड. वर गुलाबी, एकसंध, न्यूक्लिअस नसलेला पट्टा आहे आणि त्याच्या खाली गडद निळे दाणे असलेला थर आहे तर ऑर्थोकेराटिनाइज्ड, कठीण टाळूवर असा मिळतो. वर गुलाबी पट्टा आहे पण त्यात आक्रसलेले गडद न्यूक्लिअस अडकलेत आणि दाण्यांचा थर पुसट आहे, तर पॅराकेराटिनाइज्ड, हिरडीचा नेहमीचा नमुना हाच, साधारण ७५ टक्के हिरड्यांमध्ये असा सापडतो असं पुस्तकं सांगतात. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हा आकडा विचारतात.

थरांची नावं पण दोन वेगळे संच आहेत, केराटिनाइज्डमध्ये बेसाले, स्पायनोझम, ग्रॅन्युलोझम, कॉर्नियम, आणि नॉन-केराटिनाइज्डमध्ये बेसाले, इंटरमीडियम, सुपरफिशिएले. गालाच्या स्लाइडवर बाण काढून "स्ट्रॅटम कॉर्नियम" लिहिलं तर मार्क गेलेच समजा.

इथला नेहमीचा फसवा प्रकार म्हणजे तिरका काप. एपिथेलियमच्या आत मध्येच गोल गोल गुलाबी बेटं दिसतात आणि मुलं त्यांना ग्रंथी समजतात. त्या खालून वर आलेल्या कनेक्टिव्ह टिश्यूच्या पॅपिला असतात, आडव्या कापल्या गेल्यामुळे बेटासारख्या दिसतात. आत बारीक केशवाहिनी दिसली की खात्री.

हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर अकरावीला केलेला प्रयोग परत करा. चूळ भरा, स्वच्छ आइस्क्रीमच्या काडीने गालाच्या आतून हलकेच खरवडा, स्लाइडवर पसरवा, मेथिलीन ब्लूचा थेंब, कव्हरस्लिप. मोठ्या, कडा दुमडलेल्या, पत्र्यासारख्या चपट्या पेशी आणि प्रत्येकीच्या मधोमध निळा ठिपका. अगदी वरून निघालेल्या पेशीत न्यूक्लिअस शाबूत आहे, म्हणजे गाल नॉन-केराटिनाइज्ड, आता हे पाठ करायची गरज उरली नाही. गालाचं एपिथेलियम साधारण २५ दिवसांत पूर्ण बदलतं, हिरडीचं त्यापेक्षा सावकाश, ४१ ते ५७ दिवसांत, त्यामुळे गाल चावला गेला तरी लवकर बरा होतो.

४. ओठ: एकाच स्लाइडवर तीन प्रदेश

ओठाची स्लाइड सोडू नका, ती हक्काचे मार्क देते. स्कॅनरला मधोमध गुलाबी स्नायूंचा गठ्ठा दिसेल, तो ऑर्बिक्युलॅरिस ऑरिस. एका बाजूला त्वचा, पातळ, केराटिनाइज्ड, केसांची मुळं, सिबेशियस ग्रंथी, घामाच्या ग्रंथी. दुसऱ्या बाजूला आतला म्युकोसा, एपिथेलियम जाड, केराटिन नाही, आणि खाली सबम्युकोसात, म्हणजे म्युकोसाखालच्या थरात, छोट्या लेबियल (ओठाच्या) लाळग्रंथी. ओठ उलटा करून जीभ फिरवली की जे बारीक दाणे लागतात ना, त्या ह्याच.

या दोघांच्या मध्ये व्हर्मिलियन झोन, म्हणजे लिपस्टिक लावतो तो भाग. तिथे एपिथेलियम पातळ, खालच्या पॅपिला उंच आणि त्यांच्यातल्या केशवाहिन्या जवळजवळ पृष्ठभागापर्यंत आलेल्या, म्हणून ओठ लाल. केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत, लाळग्रंथी पण नाहीत, म्हणून थंडीत आधी ओठ फुटतात. हे कारण सांगता आलं की परीक्षक पुढचा प्रश्न जरा प्रेमाने विचारतात.

५. जीभ: स्नायू बघा, मग पॅपिला

जीभ ओळखायला एपिथेलियमपर्यंत जायची पण गरज नाही. तीन दिशांना जाणारे स्नायू, उभे, आडवे, लांबीचे, एकमेकांत विणलेले, असं तोंडात दुसरीकडे कुठेही नाही. म्हणजे एकाच फील्डमध्ये काही तंतू लांब कापलेले आणि शेजारीच काही गोल ठिपके.

मग वर जा. टोकदार आणि टोकाला केराटिन असलेल्या, सगळ्यात जास्त संख्येने, त्या फिलिफॉर्म, त्यांच्यात टेस्ट बड, म्हणजे चव ओळखणारे पेशींचे गुच्छ, नसतात, यावर ट्रिक प्रश्न येतो. रुंद डोक्याच्या, मधूनच एखादी, ती फंजिफॉर्म, टेस्ट बड असले तर वरच्या बाजूला. सर्कमव्हॅलेट मात्र बघायलाच सुंदर, माणसात ८ ते १२, सल्कस टर्मिनॅलिसच्या (जिभेच्या मागच्या भागातली आडवी खाच) पुढे ओळीने. भोवती खोल खंदक, आणि टेस्ट बड त्या खंदकाच्या भिंतीत, पॅपिलाच्या बाजूवर. फिकट, लंबगोल, गडद एपिथेलियममध्ये उठून दिसतात. खंदकाच्या तळाशी फॉन एबनरच्या ग्रंथी उघडतात, त्या पूर्ण सिरस, पातळ स्राव सोडून खंदक धुऊन काढतात म्हणजे पुढच्या घासाची चव नव्याने कळते.

आता सापळा. स्लाइडमध्ये एका बाजूला या सिरस ग्रंथी आणि जरा लांब मागच्या भागातल्या म्युकस ग्रंथी असतात, ते बघून घाईत "सबमँडिब्युलर" (जबड्याखालची लाळग्रंथी) लिहिणारे दर वर्षी निघतात. पॉइंटर कुठेही असो, आधी तुकडा फिरवा, स्नायू दिसले की जीभ.

जिभेच्या कडेची फोलिएट पॅपिला माणसात फारशी ठळक नसते, सशात छान असते, त्यामुळे कॉलेजच्या पेटीतली फोलिएटची स्लाइड सशाची निघू शकते.

६. टाळू आणि हिरडी, थोडक्यात

हिरडी: केराटिन, लांब रेटे पेग्ज (एपिथेलियमची खाली घुसलेली बोटं), खाली दाट कोलॅजन, सबम्युकोसा नाही, ग्रंथी नाहीत. कठीण टाळू: केराटिन, आणि कडेला पुढे चरबी, मागे म्युकस ग्रंथी, खाली हाड. मऊ टाळू: दोन पृष्ठभाग असलेला, तोंडाकडून स्ट्रॅटिफाइड स्क्वॅमस आणि नाकाकडून सिलिया असलेला श्वसनमार्गाचा एपिथेलियम, मध्ये स्नायू आणि ग्रंथी. दोन्ही कडा तपासल्याशिवाय मऊ टाळू लिहू नका, ओठालाही दोन कडा आहेत.

७. लाळग्रंथी: आधी ॲसिनस

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

ॲसिनस म्हणजे पोकळीभोवती बसलेला, स्राव तयार करणाऱ्या पेशींचा घोळका. सिरस ॲसिनस गोल, आतली पोकळी इतकी बारीक की शोधावी लागते, पेशी पिरॅमिडच्या आकाराच्या, न्यूक्लिअस गोल आणि बुडाकडे, बुडाचा भाग निळसर आणि वरचा दाणेदार गुलाबी. म्युकस ॲसिनस लांबट नळीसारखा, पोकळी मोठी, पेशी फिकट, न्यूक्लिअस चपटा आणि तळाला दाबून बसलेला. दोन्हीतलं एकच लक्षात ठेवायचं झालं तर न्यूक्लिअस, गोल की चपटा.

मिक्स्ड ग्रंथीत म्युकस नळीच्या टोकाला सिरस पेशींची गडद चंद्रकोर बसलेली दिसते, ती सिरस डेमिल्यून. जानुझ्झी नावाच्या इटालियन संशोधकाने १८६५ मध्ये तिचं वर्णन केलं म्हणून तिला त्याचं नाव दिलंय, डेमिल्यून ऑफ जानुझ्झी. पण गंमत अशी की झटकन गोठवून तयार केलेल्या तुकड्यांत ही चंद्रकोर दिसत नाही, सिरस पेशी म्युकस पेशींच्या रांगेतच उभ्या असतात. नेहमीच्या फॉर्मॅलिनमध्ये म्युकस पेशी फुगतात आणि सिरस पेशींना बाहेर ढकलतात, त्यातून चंद्रकोर तयार होते. परीक्षेत डेमिल्यून दिसली की काढायची आणि नाव द्यायचं, पण व्हायव्हाला ही गोष्ट सांगितलीत तर तुम्ही नुसतं रटलेलं नाही हे समोरच्याला लगेच कळतं.

ॲसिनसभोवती मायोएपिथेलियल पेशी असतात, आकुंचन पावून स्राव पुढे ढकलतात. साध्या एच-अँड-ई मध्ये त्या नीट दिसत नाहीत, कडेला एखादं चपटं न्यूक्लिअस दिसलं तर दिसलं, उगाच जर्नलमध्ये ठळक काढू नका.

८. मग डक्ट, आणि इथेच निकाल लागतो

बहुतेक जण ॲसिनस बघून थांबतात. डक्ट बघणारा चुकत नाही.

इंटरकॅलेटेड डक्ट सगळ्यात बारीक, ॲसिनसपेक्षाही लहान, बुटक्या क्यूबॉइडल पेशींची. स्ट्रायेटेड डक्ट ठळक गुलाबी, पेशी उंच, न्यूक्लिअस मधोमध, पोकळी स्पष्ट. लो पॉवरलाच उठून दिसते. चाळीस एक्सला जाऊन डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करायची झडप) थोडा बंद करा, पेशीच्या बुडाला उभ्या बारीक रेघा दिसतील. बुडाची पेशीपटल आत आत दुमडलेली आणि त्या घड्यांत मायटोकॉन्ड्रिया उभे रचलेले, त्याच्या त्या रेघा. एवढी ऊर्जा लागते कारण इथे लाळेतलं सोडियम परत ओढून घेतलं जातं आणि पोटॅशियम सोडलं जातं, पाणी मात्र मागे येत नाही, म्हणून तोंडात येणारी लाळ रक्ताच्या मानाने पातळ, कमी खारट. एक्सक्रीटरी डक्ट मोठी, लोब्यूल्सच्या मधल्या कनेक्टिव्ह टिश्यूत, शेजारी रक्तवाहिन्या.

आता तिन्ही ग्रंथी:

पॅरोटिड (कानाजवळची), सगळे ॲसिनस सिरस, मध्ये मध्ये चरबीच्या पेशी, वयाबरोबर त्या वाढतात, इंटरकॅलेटेड डक्ट लांब. हिची मुख्य नळी वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात उघडते, आरशात बघा, छोटा उंचवटा दिसेल.

सबमँडिब्युलर, मिक्स्ड पण सिरस जास्त, डेमिल्यून, आणि स्ट्रायेटेड डक्ट लांब म्हणून प्रत्येक फील्डमध्ये भरपूर. काही न खाता-पिता तोंडात जी लाळ असते तिच्यातली साधारण दोन तृतीयांश हिची.

सबलिंग्वल (जिभेखालची), मिक्स्ड पण म्युकस जास्त, डक्ट शोधत बसावं लागतं, इंटरकॅलेटेड आणि स्ट्रायेटेड दोन्ही तोकड्या.

सबमँडिब्युलर की सबलिंग्वल अशी अडचण आली की सिरस-म्युकस किती टक्के ते मोजत बसू नका, तुमच्या फील्डमध्ये नेमका म्युकसचा भाग आलेला असू शकतो. स्ट्रायेटेड डक्ट मोजा. भरपूर तर सबमँडिब्युलर.

९. बाहेरचे दोन पाहुणे

पॅनक्रियाज (स्वादुपिंड) पण पूर्ण सिरस, पॅरोटिडशी हमखास गल्लत. फिकट गोल आयलेट्स ऑफ लँगरहॅन्स दिसले की पॅनक्रियाज. आयलेट सापडले नाहीत तर स्ट्रायेटेड डक्ट शोधा, पॅनक्रियाजमध्ये ती नसतेच. अश्रुग्रंथी पण सिरस, पण तिच्या ॲसिनसची पोकळी चांगली मोठी, आणि स्ट्रायेटेड डक्ट तिथेही नाही.

१०. जर्नल आणि स्पॉटिंग

चित्र ॲटलासमधून उतरवू नका, स्लाइडवर जे दिसतं ते काढा. आधी एचबीने लो पॉवरचा पूर्ण आराखडा, मग न्यूक्लिअस निळ्याने, बाकी गुलाबी हलक्या हाताने. सिरस पेशीत बुडाला थोडी निळी छटा विसरू नका. लेबलच्या रेघा एकाच बाजूला, एकमेकींना न कापता.

स्पॉटिंगला, म्हणजे मांडलेली स्लाइड बघून ओळखायच्या परीक्षेला, वेळ कमी, आणि बऱ्याचदा स्लाइड हलवायला बंदी. म्हणून प्रत्येक स्लाइडचे दोन पक्के मुद्दे आधीच ठरवून ठेवा, "गुलाबी पेशी दिसतात" हा मुद्दा नाही, "सगळे सिरस ॲसिनस, मध्ये चरबीच्या पेशी" हा मुद्दा. नाव लिहिताना पण "सॅलिव्हरी ग्लँड" एवढंच लिहून सोडू नका, कुठली ते लिहा.

११. एक प्रश्न आपल्याकडे नक्की येतो

नॉर्मल गाल दाखवून परीक्षक विचारतात, सबम्युकस फायब्रोसिसमध्ये यात काय बदलेल? हा सुपारी आणि गुटख्याचा आजार. श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये तो नोंदवला आणि १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याला आजचं नाव दिलं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी थर्ड इयरला ओपीडीत गेलात की तोंड पुरतं न उघडणारे तरुण पेशंट तुम्हाला भेटणारच. उत्तर याच लेखाच्या क्रमाने द्या: पृष्ठभाग, एपिथेलियम पातळ, रेटे पेग्ज सपाट. त्याच्या खाली, लॅमिना प्रोप्रियात (एपिथेलियमखालच्या कनेक्टिव्ह टिश्यूत) सैल तंतूंच्या जागी घट्ट, एकसंध गुलाबी कोलॅजन, रक्तवाहिन्या आवळलेल्या आणि कमी. आणखी खाली, फायब्रोसिस स्नायूपर्यंत पोचलेला, म्हणून तोंड उघडत नाही.